वाचकांचे प्रश्न : सांध्यात रक्त उतरते तेव्हा

गेल्या अंकात गुडघ्याच्या झिजेविषयी लिहिताना ‘सांध्यात रक्त साठले तर तो वेगळा विषय आहे’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्याच वाक्याचा धागा धरून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. येथील उत्तरे विषय समजावा म्हणून आहेत. औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. पत्रांत वारंवार येणारा हिमोफिलिया म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक जन्मतः कमी असल्याने रक्त लवकर न थांबण्याचा आजार; हिमोफिलिया-ए मध्ये हा घटक फॅक्टर-८ असतो, आणि तो इंजेक्शनने बाहेरून देतात त्यालाच नुसते ‘फॅक्टर’ म्हणतात.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया-ए आहे. गेल्या पाच महिन्यांत त्याच्या उजव्या गुडघ्यात चार वेळा रक्त उतरले. जिल्ह्याचे रुग्णालय आमच्या गावापासून पन्नास किलोमीटरवर आहे, त्यामुळे दोन वेळा फॅक्टर दुसऱ्या दिवशी मिळाला. घरात आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप लावतात. चार-पाच दिवसांत सूज उतरते आणि मुलगा पुन्हा पळू लागतो, म्हणून ‘आपोआप बसते तर एवढी धावपळ कशाला’ असे घरचे म्हणतात. सूज उतरली म्हणजे गुडघा पहिल्यासारखा झाला का? आतले रक्त जिरते की तिथेच राहते? — एक आई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आपले शेवटचे दोन प्रश्न अगदी नेमके आहेत, म्हणून त्यांचे उत्तर आधी देतो. रक्त जिरते, पण जिरताना आपले लोह मागे ठेवून जाते. आणि सूज उतरली याचा अर्थ सांध्यातली जागा मोकळी झाली एवढाच. कूर्चा, म्हणजे ज्याला आपण गुडघ्याची गादी म्हणतो ती, सावरली असा नव्हे. सूज चार-पाच दिवसांत जाते. कूर्चेला त्याच रक्तातून सावरायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढ्यात पुन्हा रक्त उतरले तर आधीची बाकी फिटायच्या आत नवे कर्ज चढते. आपल्या मुलाच्या गुडघ्याचे गेल्या पाच महिन्यांत हेच चालले आहे.

कूर्चा कशी असते हे ज्यांनी बोकडाचे पाये साफ केले आहेत त्यांनी पाहिलेले असते. हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओला आणि इतका गुळगुळीत थर असतो की त्यावरून नख घसरते. प्रौढ माणसाच्या गुडघ्यात तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो. हे पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकॅन नावाचे रेणू कोलॅजनच्या तंतूंच्या जाळ्यात अडकलेले असतात, आणि हे सगळे घडवणाऱ्या, राखणाऱ्या पेशी मात्र शंभर भागांत जेमतेम दोन-चार भाग असतात. या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. म्हणून कूर्चा बिघडू लागते तेव्हा ती स्वतः दुखत नाही, आणि शरीराच्या इतर जखमा ज्या रक्तपुरवठ्यावर भरून येतात तो पुरवठा तिला मिळत नाही. तिचे पोषण सांध्यातल्या वंगणातून होते. निरोगी गुडघ्यात हे वंगण चहाचा चमचाभरसुद्धा नसते. पाय वाकवताना आणि टेकताना ते कूर्चेत आत-बाहेर दाबले जाते आणि तेवढ्यावर या पेशी आयुष्यभर काम करतात. ज्या ऊतीने रक्ताशिवाय जगण्याची घडी बसवली आहे, तिच्या अंगावर एका रात्रीत अर्धी वाटी रक्त येऊन पडते, असे हे प्रकरण आहे.

त्या रक्ताने नेमके काय होते, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी केला. त्यांनी माणसाच्या कूर्चेचे तुकडे प्रयोगशाळेत चार दिवस रक्तात ठेवले, मग रक्त धुऊन काढले. पाणी धरून ठेवणारे ते प्रोटिओग्लायकॅन बनवण्याचे पेशींचे काम रक्त काढून टाकल्यानंतरही पूर्ववत झाले नाही. नुसत्या तांबड्या पेशी ठेवल्या तेव्हा नुकसान तात्पुरते राहिले. तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइट जातीच्या पेशी आल्या तेव्हा ते कायमचे झाले. याचे कारण असे, की मोनोसाइट कूर्चेच्या पेशींना चेतवतात, चेतवलेल्या पेशींतून हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते, आणि फुटलेल्या तांबड्या पेशींतील लोहाशी त्याची गाठ पडली की जे अतिशय दाहक रेणू तयार होतात ते शेजारच्या पेशीला मारून टाकतात. मेलेल्या पेशीची जागा दुसरी पेशी सहसा घेत नाही. याच गटाच्या प्राण्यांवरील प्रयोगांत असेही दिसले, की वाढीच्या वयातील कूर्चा प्रौढ कूर्चेपेक्षा रक्ताने लवकर बिघडते, आणि सांध्यात रक्त असताना त्यावर भार टाकला तर झीज सुरू होते. ‘चार-पाच दिवसांत मुलगा पळू लागतो’ हे आपले वाक्य वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती यामुळेच.

दुसरे नुकसान सांध्याच्या आतल्या अस्तराचे होते. सांडलेले रक्त साफ करण्याचे काम या अस्तराकडे असते. एकदा-दोनदा ते काम निभावते. वारंवार करावे लागले की त्याच्या पेशींत लोह साचत जाते, अस्तर सुजून जाड होते आणि त्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. शस्त्रक्रियेच्या वेळी असा गुडघा उघडला की एरवी फिकट गुलाबी, पातळ दिसणारे अस्तर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे आणि ओल्या शेवाळासारखे दाट झालेले दिसते; बाजूची कूर्चासुद्धा काथाच्या डागासारखी तपकिरी पडलेली असते. ज्याने हे एकदा पाहिले आहे तो ‘आपोआप बसते’ असे पुन्हा म्हणणार नाही. या नाजूक वाहिन्या जराशा चिमट्यानेही फुटतात, म्हणून त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरू लागते. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला तर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. आपल्या मुलाचा उजवा गुडघा या व्याख्येत बसतो, आणि हिमोफिलियावर उपचार करणाऱ्या केंद्रातील डॉक्टरांशी बोलताना आपण हाच शब्द वापरावा. त्याने पुढच्या उपचाराची दिशा बदलते.

आता करायचे काय. पहिली गोष्ट वेळेची. हिमोफिलियाची मुले सूज दिसायच्या आधीच सांगतात, की आत मुंग्या आल्यासारखे, कोमट किंवा बुडबुडल्यासारखे वाटते आहे. त्या क्षणी सांध्यात रक्त थोडेच असते, आणि फॅक्टर द्यायची खरी वेळ तीच. शक्यतो दोन तासांच्या आत तो गेला पाहिजे. शंका आली तर आधी फॅक्टर आणि मग सोनोग्राफी वा एक्स-रे, हा क्रम कोणी उलटा करू लागले तर आपण नम्रपणे पण ठामपणे आठवण करून द्यावी. फॅक्टर-८ चा प्रभाव साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो, लहान मुलांत त्याहूनही लवकर. म्हणून दुसऱ्या डोसला बोलावले असताना ‘आता बरे आहे’ म्हणून जाणे टाळू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. पन्नास किलोमीटर हे दोन तासांचे गणित मोडणारे अंतर आहे. त्यामुळे घरीच फॅक्टर देण्याचे प्रशिक्षण मागून घ्या. अनेक केंद्रांत आईवडिलांना हे शिकवतात आणि पुष्कळ आया ते उत्तम करतात. बाटली फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची, द्यायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, आणि पाणी मिसळल्यावर ती जोरात हलवायची नाही, तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. पहिल्या दोन-चार वेळा हात थरथरतो. तो सगळ्यांचाच थरथरतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्त उतरल्यावर द्यायच्या फॅक्टरऐवजी, उतरूच नये म्हणून आठवड्यातून ठरावीक दिवशी द्यायचा फॅक्टर. ही पद्धत स्वीडनमधील माल्मो येथे १९५८ साली इंगा मारी नील्सन यांनी सुरू केली. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडीच वर्षांखालील ६५ मुलगे घेतले होते. काहींना दर दिवसाआड फॅक्टर दिला, काहींना रक्तस्राव झाल्यावरच, पण भरपूर दिला. सहाव्या वर्षी एमआरआय केला तेव्हा पहिल्या गटातील ९३ टक्के मुलांचे सांधे शाबूत होते, दुसऱ्या गटातील ५५ टक्के. म्हणजे रक्तस्रावानंतर व्यवस्थित उपचार मिळूनही जवळजवळ निम्म्या मुलांच्या सांध्यांत फरक पडला होता. एवढ्या मोठ्या मात्रा आपल्याकडे परवडत नाहीत हे खरे, पण कमी मात्रेत नियमित दिलेल्या फॅक्टरनेही रक्तस्राव बरेच कमी होतात. हिमोफिलिया-ए असलेल्यांना एमिसिझुमॅब हे त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शनही आता मिळते; ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी द्यावे लागते. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि काही जिल्हा रुग्णालयांच्या केंद्रांत फॅक्टर विनामूल्य मिळतो. आपल्या मुलाला यांपैकी काय सुरू करता येईल हे विचारा, आणि त्याच वेळी ‘इनहिबिटर’ची तपासणीही करून घ्या. शरीर कधी कधी फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि मग दिलेला फॅक्टर लागू पडत नाही.

राहिला लेप. आंबेहळद आणि रक्तबोळ यांच्यावर माझा राग नाही. पण तो लेप गरम लावला जातो, चोळला जातो, आणि तो वाळेपर्यंत वाट पाहिली जाते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, चोळण्याने बसलेली गुठळी सुटते, आणि वाट पाहण्यात ते दोन तास जातात. त्याऐवजी फॅक्टर दिल्यानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पाय उशीवर उंच ठेवावा आणि दुखणे पूर्ण थांबेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. वेदनेसाठी फक्त पॅरासिटॅमॉल द्यावे. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत पॅरासिटॅमॉलबरोबर अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेले असते. ते चालत नाही, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

प्रश्न : माझ्या वर्गात हिमोफिलिया असलेला एक विद्यार्थी आहे. जबाबदारी नको म्हणून खेळाच्या तासाला आम्ही त्याला वर्गातच बसवतो. हे बरोबर आहे का? — एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

उत्तर : रक्तस्राव झाला असेल आणि तो भरून येत असेल त्या दिवसांत हे बरोबर आहे. एरवी मात्र बसवून ठेवण्याने त्याचे नुकसान होते. कूर्चेला हालचालीतूनच पोषण मिळते, आणि मांडीचे व पोटरीचे स्नायू जितके बळकट तितका सांधा हिसक्यांपासून सुरक्षित राहतो. पोहणे, चालणे, सपाट जागी सायकल आणि योगासनांतील सौम्य प्रकार त्याच्यासाठी चांगले. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध यांसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ नकोत. तीव्र हिमोफिलियात दहापैकी सात-आठ रक्तस्राव सांध्यांतच होतात, तेही मुख्यतः गुडघा, घोटा आणि कोपर येथे. म्हणून तो लंगडू लागला, हात सरळ करीना, किंवा ‘बाई, आत कसेतरी होतेय’ म्हणाला, तर तास संपण्याची वाट न पाहता पालकांना फोन करावा. शाळेत लसीकरण होईल त्या दिवशी आरोग्यसेविकेला त्याच्या आजाराची आठवण द्यावी, कारण त्याला स्नायूत सुई देताना वेगळी काळजी घ्यावी लागते. जबाबदारीची आपली भीती मी समजू शकतो, आणि ती विचारून घेण्याची तसदी आपण घेतलीत याचे मला फार बरे वाटले.

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून कबड्डी खेळतो. महिन्यापूर्वी चढाईत पकड झाली तेव्हा गुडघा पिळला, ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी सुईने ६० मिलिलिटर रक्त काढले. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध, तुटल्याचे आले. शस्त्रक्रिया सूज पूर्ण उतरल्यावर करू म्हणतात. रक्त काढणे गरजेचे होते का? त्या रक्ताने माझी गादी कायमची खराब झाली असेल का? — एक खेळाडू, सांगली जिल्हा

उत्तर : दुखापतीनंतर दोन-तीन तासांत गुडघा भरून आला तर आत रक्त आहे असेच धरून चालावे, साधे पाणी साठायला सहसा दुसरा दिवस उजाडतो. तरुण खेळाडूंत अशा रक्ताचे सर्वांत नेहमीचे कारण एसीएलचे तुटणे हेच असते, कारण त्या अस्थिबंधाला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. गुडघा ताणून गच्च झाला असेल तर रक्त काढल्याने दाब आणि वेदना कमी होतात, तपासणी नीट करता येते, आणि काढलेल्या रक्तावर तेलाच्या थेंबांसारखा तवंग दिसला तर आत हाड मोडले आहे हेही कळते. प्रत्येकाचे काढावेच लागते असे नाही. आपल्या बाबतीत काढणे योग्यच झाले.

आता आपली भीती. ज्याचे रक्त नीट गोठते अशा माणसाच्या सांध्यातले बहुतेक रक्त शरीर थोड्या दिवसांत साफ करते. प्राण्यांवरील प्रयोगांत निरोगी सांध्यात एकदाच, थोड्या काळासाठी रक्त राहिले तेव्हा कूर्चेतील बिघाड सुरुवातीला दिसला, पण काही आठवड्यांत बराचसा भरून आला. त्यामुळे या एका रक्तस्रावाने गुडघा संपला असे मानू नका. आपल्या गुडघ्याला खरा धोका आहे तो पिळवटताना हाडावर हाड आपटून कूर्चेला बसलेल्या माराचा, आणि त्याहूनही अधिक, एसीएल नसलेल्या सैल गुडघ्यावर घाईने मैदानात उतरण्याचा. त्यात मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकती, फाटते आणि मग कूर्चेवरचा भार वाढतो तो कायमचाच.

डॉक्टर थांबायला सांगत आहेत त्यामागेही कारण आहे. सुजलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर लगेच शस्त्रक्रिया केली तर आत चिकट जाळे धरून तो आखडण्याची भीती असते. शिवाय सांध्यात २०-३० मिलिलिटर द्रव जरी जास्त असला तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग मेंदूचे ऐकेनासा होतो. आपला पाय बारीक झालेला दिसत असेल तर तो आळसाने झालेला नाही, त्या द्रवाने झाला आहे. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितला असेल. तो मनापासून करा. आणि एक गोष्ट घरी विचारून घ्या : लहानपणी दात काढताना किंवा खरचटल्यावर रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहिले होते का, आणि आजोळी एखाद्या मामाला तसा त्रास होता का. सौम्य हिमोफिलिया कित्येकदा पहिल्या मोठ्या दुखापतीतच उघडकीला येतो, आणि तो असला तर शस्त्रक्रियेआधी कळलेला बरा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ असून तिच्या हृदयात धातूची झडप आहे. ती नऊ वर्षे वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. दाताच्या दुखण्यासाठी मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक घेतल्यावर आठवड्याभरात, कुठेही न पडता, तिच्या गुडघ्यात रक्त साठले. आयएनआर (हा आकडा जितका जास्त तितके रक्त उशिरा गोठते) ५.८ आला. आता ती गोळी कायमची बंद करावी असे आम्हाला वाटते. — एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी होऊन झडप अडकणे किंवा अर्धांगवायू होणे हे गुडघ्यातील रक्तापेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. मेट्रोनिडॅझोल वॉरफरिनचा प्रभाव वाढवते, त्यामुळे कारण हाती लागले आहे आणि ते टाळता येण्याजोगे आहे. मात्रा काही दिवस थांबवायची की कमी करायची हे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ आयएनआर पाहून ठरवतील. तोपर्यंत वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, मालीश करू नये आणि गुडघ्यात कोणतेही इंजेक्शन घेऊ नये. या वयात कूर्चा आधीच थोडी झिजलेली असते, त्यामुळे सूज उतरायला पंधरा दिवस ते तीन आठवडे लागले तरी घाबरू नये. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा, गेल्यावर ‘वॉरफरिन चालू आहे’ हे पहिले वाक्य असू द्या.

प्रश्न : माझे वय ४३, हिमोफिलिया-ए. लहानपणी गुडघा सुजायचा तेव्हा एका डॉक्टरांनी वर्षभर क्षयाची औषधे दिली. खरे निदान अकराव्या वर्षी झाले. आज डावा गुडघा तीस अंशांच्या पुढे सरळ होत नाही आणि रात्री दुखतो. गेल्या दोन वर्षांत फारसे रक्त उतरलेले नाही, तरी दुखणे वाढतेच आहे. एके ठिकाणी मूळ पेशींच्या इंजेक्शनने गादी पुन्हा तयार होते असे सांगून मोठी रक्कम मागितली. घ्यावे का? मला १७ वर्षांची मुलगी आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील क्षयाचा उल्लेख वाचून वाईट वाटले. ही गफलत जुनी आहे. हिमोफिलियाचा सुजलेला गुडघा आणि क्षयाचा गुडघा यांत फरक आहे हे जर्मन शल्यचिकित्सक फ्रान्झ कोनिग यांनी १८९२ साली मांडले आणि सांधा कोणत्या तीन टप्प्यांतून जातो तेही लिहिले : आधी रक्त साठणे, मग दाह, आणि शेवटी सांधा आखडणे. आपला गुडघा तिसऱ्या टप्प्यात आहे.

रक्त उतरत नसताना दुखणे का वाढते, तर अस्तरात साचलेले लोह तेथेच असते आणि ते दाह चालू ठेवते; शिवाय कूर्चेचा वरचा थर एकदा विस्कटला की उरलेली कूर्चा रोजच्या चालण्यानेही झिजत जाते. पुढे ती सामान्य झिजेच्याच वाटेने जाते, फक्त वीस-तीस वर्षे आधी.

मूळ पेशींचे ते इंजेक्शन घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगतो. गेलेली कूर्चा पुन्हा येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ साली सांगितले होते, आणि इतक्या काळात त्यात फार मोठा बदल झालेला नाही. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा माग घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेचे कोलॅजन वाढीचे वय संपल्यावर जवळजवळ बदलतच नाही; आज जे आपल्या गुडघ्यात आहे ते पौगंडावस्थेत विणलेले आहे. हे जाळे एका इंजेक्शनने पुन्हा विणले जाईल असा पुरावा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही मान्यता नसलेल्या आजारांत मूळ पेशींचे उपचार पैसे घेऊन करणे गैर आहे. शिवाय फॅक्टर न देता आपल्या सांध्यात सुई घालणे हाच एक रक्तस्राव ठरेल. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनीही गादी वाढत नाही. त्यांवरचा खर्च वाचवावा. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, की सामान्य झिजेच्या काही गुडघ्यांत बाहेरून चौकट बसवून दोन हाडे सहा-आठ आठवडे किंचित दूर धरल्यावर एमआरआयमध्ये कूर्चेची जाडी वाढलेली दिसली आहे. ते काम अजून निवडक केंद्रांपुरतेच आहे आणि आपल्यासारख्या आखडलेल्या गुडघ्यासाठी नाही, पण कूर्चा अगदीच निर्जीव नाही हे त्यातून कळते.

आपल्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. हिमोफिलिया जाणणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा गुडघा दाखवा. अस्तर जाड आणि सुजलेले असेल तर रेडिओसायनोव्हेक्टमी करता येते : फॅक्टर देऊन, एका सुईने इट्रियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य सांध्यात सोडतात आणि त्याने अस्तर आक्रसते. याने रक्तस्राव आणि दाह कमी होतात. कूर्चा मात्र परत येत नाही. हाडांमधली जागा संपली असेल, रात्रीची झोप जात असेल, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ आली आहे. हिमोफिलियात ती सुरक्षितपणे करता येते, मात्र त्याआधी इनहिबिटरची तपासणी, शस्त्रक्रियेच्या दिवसापासून पुढे साधारण दोन आठवड्यांचा फॅक्टरचा साठा हाताशी असणे आणि नंतर फिजिओथेरपी या तिन्ही गोष्टींची व्यवस्था आधी झालेली हवी. तीस अंशांचा आखडलेपणा आणखी वाढू देऊ नका, कारण तो जितका जास्त तितकी शस्त्रक्रिया अवघड होते. रात्री गुडघ्याखाली उशी घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढले नसेल तर तेही काढून घ्या.

मुलीचा आपण नुसता उल्लेख केला आहे, पण त्यामागचा प्रश्न मी समजलो. वडिलांना हिमोफिलिया असला की प्रत्येक मुलगी वाहक, म्हणजे आजाराचे जनुक पुढे नेणारी, असतेच. वाहक मुलींना काही त्रास नसतो असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. काहींचा फॅक्टर इतका कमी असतो की पाळीत फार रक्तस्राव होतो, आणि गुडघा-घोट्याच्या साध्या दुखापतीतही सांध्यात रक्त उतरते. तिचे फॅक्टर-८ चे प्रमाण एकदा मोजून घ्या. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत या आजाराच्या तपासण्या होतात. जवळच्या केंद्रातूनही सोय करून मिळेल. रक्त द्यायच्या दिवशी तिला ताप किंवा दुसरा काही संसर्ग नसावा, कारण त्या काळात फॅक्टर-८ तात्पुरता वाढतो आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.